विचारलं तेवढंच

देविकाचं काम भांडणं सोडवायचं, पण सगळी नव्हेत. बांधकामातली, आणि त्यातलीही कुणी कुणाचे पैसे अडवलेत एवढीच. इंग्लंडात बिल्डर आणि मालक यांची जुंपली की कोर्टाची पायरी चढण्याआधी ॲडज्युडिकेटर नेमतात. तो महिन्याभरात निवाडा देतो, पैसे आधी चुकते करायचे आणि उरलेली भांडाभांडी मग सवडीनं करायची. सोय उत्तम आहे, नाही कोण म्हणतंय? पण तिच्यात एक मेख आहे. ॲडज्युडिकेटरला जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. प्रश्न दाराच्या रंगाचा असेल, तर दारामागे आग लागलेली दिसली तरी रंगावरच बोलायचं. हे उदाहरण देविका ट्रेनिंगला आलेल्या नव्या लोकांना हसत हसत द्यायची. हल्ली देत नाही.

हाउन्सलोमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली एक चार मजली इमारत आहे. एका ट्रस्टची. ट्रस्टनं सगळ्या बाथरूम आणि पाइप नवे करून घेतले, आणि शेवटचं बिल आल्यावर कामात खोट आहे म्हणून पैसे कापायचे ठरवले. कापा की! पण कापायचे असतील तर तशी नोटीस मुदतीच्या आत बिल्डरच्या हातात पडायला हवी, असा कायदा आहे. नाही पडली, तर काम सोन्यासारखं असो की मातीसारखं, बिल आधी पूर्ण द्यायचं.

आणि नोटीस कुठे पडली म्हणता? तळमजल्यावर दोन दारं शेजारी शेजारी. एक बिल्डरच्या साइट ऑफिसचं, दुसरं रंभाबाई नावाच्या एका आजींच्या फ्लॅटचं. ट्रस्टच्या माणसानं घाईघाईत पाकीट टाकलं ते आजींच्या दारात. आजी नागपूरच्या, इंग्रजी वाचता येत नाही. पाकिटावर मोठा लाल शिक्का. त्यांना वाटलं, सरकारी कागद. सरकारी कागद कुणी इकडेतिकडे टाकतं का? त्यांनी तो बुद्धाच्या मूर्तीजवळ, बाबासाहेबांच्या फोटोखाली नीट सांभाळून ठेवला, आणि मुलगा राजेंद्र लेस्टरहून आला तेव्हा त्याच्या हातात दिला. तोवर मुदत उलटून गेली होती.

तेव्हा देविकापुढे प्रश्न एकच होता. शेजारच्या दारात टाकलेली नोटीस वेळेत पोचली म्हणायची की नाही? पाइपांचं काम कसं झालंय, हे तिला कुणी विचारलेलंच नव्हतं.

ती दोन दारं बघायला म्हणून ती सकाळी तिथे गेली. अशा भेटीत दोन्ही पक्षांचं एकेक माणूस बरोबर हवंच. ॲडज्युडिकेटरनं कुणाशी एकट्यानं बोलायचं नाही, आणि कुणी तिच्याशी एकट्यानं बोलायचं नाही. बिल्डरकडून हॉलिस आला होता, लालबुंद चेहऱ्याचा, सारखा घड्याळ बघणारा. ट्रस्टकडून कर्स्टी, नुकतीच नोकरीला लागलेली, थंडीनं नाक पुसत उभी. देविकानं दारं बघितली, फटी बघितल्या, दोन फोटो काढले. काम झालं. थँक यू म्हणून निघायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात लिफ्टमधून वॉकर ढकलत एक बाई बाहेर आल्या. ऐंशीच्या आसपासच्या, शर्ट-पँट, वर मफलर, कपाळावर बारीकशी टिकली. देविकाच्या गळ्यातलं ओळखपत्र त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि थेट विचारलं,

"मराठी ना गं तू?"

आता परदेशात असं कुणी मराठीत हटकलं की माणूस विरघळतोच. देविकाच्या तोंडून नकळत गेलं, "हो काकू."

"मी इरावती. डॉक्टर इरावती. इथल्याच हॉस्पिटलमध्ये जन्मभर भूल द्यायचं काम केलं. वरच्या मजल्यावर राहते, या आजींच्या बरोब्बर डोक्यावर. तूच ना निकाल देणार? मग एक ऐक. माझ्या बाथरूमच्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही."

"का हो?"

इरावतीबाईंनी आवाज खाली आणला. "शशी येतो तिथून. माझा नवरा. जाऊन दोन वर्षं झाली. या लोकांनी भिंत फोडून पाइप घातले, तेव्हापासून येतो. रोज सकाळी. चंदनाच्या वासावरून कळतं. रिटायर झाल्यावर पूजेला बसायचा ना, खोलीभर चंदन करायचा. आता म्हणे पुन्हा भिंत फोडून दुरुस्त करणार. तेवढं करू देऊ नकोस गं."

आणि देविका म्हणाली, "हो काकू. काळजी करू नका."

झालं! पाच शब्द नव्हे, पाच धोंडे. पण आपल्याकडे ऐंशी वर्षांची बाई हात धरून काही मागते तेव्हा कोण 'माझ्या अधिकारात बसत नाही' म्हणतं? 'हो' म्हणायचं, पाठीवरून हात फिरवायचा, पुढे जायचं. तिच्या आईनं, मावशीनं, सगळ्यांनी जन्मभर तेच केलं. फरक एवढाच की त्यांच्यापैकी कुणी निवाडा द्यायला आलेलं नव्हतं.

"एक्स्क्यूज मी," हॉलिस खाकरला. "काय बोलणं झालं, आम्हाला कळेल का?"

त्याचं बरोबरच होतं. त्याच्यासमोर, पण त्याला न कळणाऱ्या भाषेत झालेलं बोलणं म्हणजे एकट्यानं केलेलंच बोलणं. देविकानं शरमून सगळं भाषांतर करून सांगितलं. मेलेला नवरा, चंदन, भिंत, सगळं. फक्त स्वतःचं 'हो काकू' तेवढं गिळलं. ते मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले, त्यात सांगण्यासारखं काय, असं तिला तेव्हा वाटलं.

कर्स्टीचे डोळे विस्फारले. हॉलिस हसला, पण त्याचं हसणं ओठांपलीकडे गेलं नाही.

"खोटं वाटतं? चला, दाखवते," इरावतीबाई इंग्रजीत म्हणाल्या, आणि वॉकर वळवून लिफ्टकडे निघाल्यासुद्धा.

नको म्हणायचं तर म्हातारीला खोटं पाडल्यासारखं, जायचं तर कामाबाहेरचं. देविकानं दोघांना विचारलं. दोघंही मान हलवून मागोमाग आले. फ्लॅट टापटीप होता. इरावतीबाईंनी बाथरूमचं दार उघडलं आणि देविकाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

चंदन. नुसता भास नव्हे, चांगला घट्ट, ओला वास, आत्ताच कुणी पूजा करून उठल्यासारखा. घरात उदबत्ती नाही, निरांजन नाही, देव्हाराही दिसत नव्हता. खिडकी बंद. टॉयलेटमागे पांढऱ्या फळ्यांनी झाकलेले पाइप, आणि आरशावर अगदी पुसट धुरकट पट्टा.

"आला बघ," इरावतीबाई पुटपुटल्या. त्यांनी पाइपांवरच्या फळीवर तळहात टेकला आणि डोळे मिटले. कर्स्टीनं नाक पुसायचं थांबवलं होतं. देविका विज्ञान शिकलेली, भुताखेतांवर हसणारी बाई, पण त्या क्षणी तिनं सरळ मागे वळून बघितलं की आपल्या पाठीशी कुणी उभं तर नाही.

जिन्यानं खाली उतरताना ती स्वतःला समजावत होती, काहीतरी साधं कारण असेल. आणि ते कारण तळमजल्यावर दार उघडून उभंच होतं. रंभाबाई. पांढरंशुभ्र लुगडं, हातात फुलांचं तबक. त्या दिवशी पौर्णिमा. बुद्धवंदना लांबली होती, आणि आतल्या बुद्धमूर्तीपुढे एक नाही, चांगला मूठभर चंदनाच्या उदबत्त्यांचा जुडगा जळत होता. धूर मूर्तीपुढून उठत होता, शेजारच्या बाथरूमच्या उघड्या दारात शिरत होता आणि पाइपांवरच्या फळीच्या फटीत ओढला जात होता. विहिरीत पोहरा सोडावा तसा सरळ, फक्त उलट्या दिशेनं.

देविकाला सगळं उमगलं. पाइप एका मजल्यावरून दुसऱ्यावर जातात तिथे भोकाभोवतीची जागा आगीला न जुमानणाऱ्या मसाल्यानं गच्च बुजवायची असते. ती बुजवलेलीच नव्हती. उदबत्तीचा धूर जातो तिथून आगीचाही जाणार. खाली रंभाबाईंच्या गॅसवर एखादं फडकं पेटलं, तर वर भूल देणाऱ्या डॉक्टरला झोपेतच कायमची भूल मिळेल. आणि चारही मजल्यांना हेच पाइप.

तिनं हॉलिसकडे बघितलं. हॉलिस स्वतःच्या बुटांकडे बघत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

"भेट संपली," देविका म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

पिकॅडिली लाइनच्या ट्रेनमध्ये ती बसली तर शेजारचा माणूस हुंगू लागला. कोटाला, स्कार्फला, केसांना चंदन. पार इल्फर्डला घरी पोचेपर्यंत तो वास तिच्या मागे मागे आला. मुलीनं, दियानं, दार उघडलं आणि नाक मुरडलं.

"आई, तुझी कोट कसली वास मारते! टेंपलला गेली होती का?"

"गेली होतीस," देविका सवयीनं म्हणाली, आणि कोट न काढताच खुर्चीत बसली. मग तिनं लेकीला सगळं सांगितलं. नावं-गावं वगळून, पण सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरला नसता.

"मग सांग ना त्यांना! व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

"प्रॉब्लेम हा की मला ते विचारलेलं नाही. मला पाकिटाबद्दल विचारलंय. मी पाइपांबद्दल चकार शब्द काढला की बिल्डर म्हणणार, बाईनं हद्द ओलांडली, बाईचं मन आमच्याविरुद्ध झालं. कोर्ट माझा निवाडा उडवून लावेल. आणि कामात खोट आहे म्हणून त्याचे पैसे रोखावे म्हटलं, तर तेही माझ्या हातात नाही."

"मग निवाडा देऊन झाल्यावर सांग."

"त्याला अजून दहा-बारा दिवस आहेत. आणि त्या आजी रोज सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावतात."

दियानं तिच्या कोटाची बाही हुंगून बघितली. मग म्हणाली, "आणि वरची काकू? तिला काय सांगणार? की हजबंड नाही येत, नुसता स्मोक येते?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! नियम पाळावा तर माणसं जळतील, माणसं वाचवावी तर निवाडा जळेल, आणि दोन्ही साधलं तरी एका म्हातारीचा नवरा दुसऱ्यांदा जाईल. तोही देविकाच्या हातानं. 'हो काकू, काळजी करू नका' म्हणणाऱ्या बाईच्याच हातानं.

पुढचे दोन दिवस ती कागद घेऊन बसली. कामात लक्ष घालावं म्हणून खिडकी उघडली, तरी मध्येच चंदन यायचं. कोट ड्रायक्लीनला दिला, तरी यायचं. कागदावर 'डिलिव्हरी' लिहायला घेतलं की फळीवर टेकलेला तो सुरकुतलेला तळहात दिसायचा. भूत इरावतीबाईंकडे येत असेल नसेल, देविकाच्या घरी मात्र ते ठाण मांडून बसलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन्ही पक्षांना एकच ईमेल पाठवली. भेटीत काय हुंगलं आणि काय पाहिलं ते साध्या शब्दांत लिहिलं. हा माझ्यापुढचा प्रश्न नाही, यावर मी काही ठरवणार नाही, निवाड्यात याचा विचार करणार नाही. पण आगीचा धोका दिसत असताना गप्प बसणं मला शक्य नाही. आजच्या आज तपासून घ्या. शिवाय वरच्या बाईंना मी मराठीत एक आश्वासन देऊन बसले, ते तेव्हा सांगायचं राहिलं, आणि तो माझा अधिकारही नव्हता, हेही लिहिलं. पुन्हा एकदा वाचलं. पाठवलं.

तासाभरात बिल्डरच्या वकिलाचं जळजळीत उत्तर आलं. मॅडमनी मर्यादा सोडली, मॅडमनी बाजूला व्हावं, निवाडा काहीही आला तरी आम्ही मानणार नाही. देविकानं कानात बोळे घातले आणि काम चालू ठेवलं.

आणि निवाडा? तो बिल्डरच्या बाजूनं गेला. जाणारच होता. शेजारच्या दारात टाकलेलं पाकीट म्हणजे पोचलेलं पाकीट नव्हे. नोटीस उशिरा, बिल पूर्ण द्या. ज्यानं ती भोकं उघडी ठेवली त्यालाच पूर्ण पैसे द्या, असं देविकानं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली. राग आला तिला, रडू आलं, पण विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर तेच होतं. मर्यादा सोडली म्हणून बोंबलणाऱ्या वकिलाला त्या संध्याकाळपासून मर्यादेची आठवणही झाली नाही. पैसे मिळाले की तत्त्वं कशी शांत झोपतात बघा!

ट्रस्टनं मात्र वाट बघितली नव्हती. ईमेल आली त्याच दिवशी कर्स्टी माणूस घेऊन गेली, फळ्या काढल्या, टॉर्च मारला, आणि आठवड्याच्या आत चारही मजल्यांची भोकं बुजवून टाकली. तिनं देविकाला दोन ओळी लिहिल्या. धन्यवाद, सगळे सुरक्षित आहेत. देविकानं त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. सगळे.

हिवाळा सरत आला तेव्हा ती हाउन्सलोला गेली. आता ती कुणाची ॲडज्युडिकेटर नव्हती. निवाडा दिला त्या दिवशीच तिचा अधिकार संपला होता. आता ती कुणाशीही एकटीनं बोलू शकत होती. पिशवीत घरी केलेल्या नारळाच्या वड्या होत्या. काय बोलायचं ते ट्रेनमध्ये दहादा घोकलं होतं. काकू, मला माफ करा, मी हो म्हणायला नको होतं.

वरची बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली. मनात नाही नाही ते आलं. ती भराभर जिना उतरली आणि रंभाबाईंच्या दारावर थाप मारली.

"या जी, या," रंभाबाई म्हणाल्या. "काहून घाबरल्या एवढ्या? त्या डॉक्टरीन बाईसाठी आल्या न? इथंच हायेत."

इरावतीबाई आतल्या खोलीत बसल्या होत्या. बुद्धमूर्तीसमोर ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर, मांडीवर शाल घेऊन. त्यांनी देविकाकडे बघितलं आणि लगेच ओळखलं.

"हो म्हणाली होतीस तू."

देविका कशीबशी म्हणाली, "काकू, आग लागली असती..."

"माहीत आहे गं मला. जन्मभर लोकांच्या नाकातोंडात वायू सोडले मी. धूर कुठून येतो ते मला कळत नव्हतं? पहिल्याच दिवशी कळलं होतं." त्यांनी मांडीवरची शाल सारखी केली. "वास खालूनच यायचा. पण येताना तो बरोबर यायचा."

देविकानं वड्यांची पिशवी खाली ठेवली.

"भोक बुजवलं आन् दुसऱ्या दिवशी आल्या या," रंभाबाई तिला दाराशी नेऊन दबक्या आवाजात सांगू लागल्या. "चार वर्सं डोक्यावर राहिल्या, पण माया घरी कधी पाणी नाही पिल्या. लिफ्टमंदी भेटल्या तं नुसतं हसत. त्या दिवशी दारात येऊन म्हणे, मी बसू का? म्या म्हटलं, बसा. तवापासून रोज येतात. मी भूतबित काही मानत नाही जी. आमच्या धम्मात आत्माच नाही, तं भूत कुठून येईन? म्या सांगतलं बी त्याइले. त्या म्हणे, तुम्ही नका मानू, तुम्ही फक्त लावा."

"रंभाबाई, आज उशीर झाला," आतून इरावतीबाईंचा आवाज आला. "तो थांबलाय कधीचा."

"आली जी," म्हणत रंभाबाईंनी लगबगीनं काडी ओढली. उदबत्त्या पेटल्या. धूर उठला, बाथरूमच्या दारापर्यंत गेला, तिथे त्याला वाट मिळाली नाही, आणि तो माघारी वळून खोलीत पसरला. इरावतीबाईंनी डोळे मिटले आणि शेजारच्या खुर्चीच्या हातावर आपला हात ठेवला.

रंभाबाईंनी हात जोडले. मग देविका अजून उभीच आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

"बसा न जी."

देविका इरावतीबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. भूत न मानणाऱ्या रंभाबाईंनी पटकन तिचा दंड धरला.

"ते नोका घेऊ," त्या कानाशी म्हणाल्या. "तिथं साहेब बसतात."